पॅच आधी कुठे लावून पाहायचा?

31 जुलै 2024 च्या संध्याकाळी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला आपल्या किरकोळ देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले. या कंपनीच्या काही यंत्रणांत खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरल्याची शंका होती आणि ते पुढे पसरू नये म्हणून दोर कापणे भाग होते. त्या दोराला देशातल्या सुमारे 300 लहान बँका लटकलेल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक सहकारी आणि ग्रामीण. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली आणि बातमी जुनी झाली. नंतर क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने या हल्ल्याचा माग काढणारे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार घुसखोरीची सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून झाली होती. जेन्किन्स हे सॉफ्टवेअर बांधण्याच्या आणि तपासण्याच्या कामासाठी वापरतात आणि हा सर्व्हर नीट बसवलेला नव्हता. म्हणजे खातेदाराच्या पैशाशी ज्याचा थेट संबंध नाही, जो केवळ पडद्यामागच्या कामासाठी आहे, अशा एका यंत्राच्या दुर्लक्षित दारातून आलेल्या संकटाने तालुक्याच्या गावातल्या खातेदाराचे यूपीआय बंद पाडले.

या घटनेवर नेहमीच्या शिफारशी झाल्या: पासवर्ड बदला, लेखापरीक्षण करा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. त्या चुकीच्या नाहीत. पण लहान बँकांची खरी अडचण त्यांना हात लावत नाही. कुठलाही बदल, कुठलाही पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती), नवी जोडणी किंवा हल्ल्याचा सराव खऱ्या व्यवहारांना धक्का न लावता आधी करून पाहायला या बँकांकडे जागाच नसते. माझे म्हणणे असे की ही जागा एकेका बँकेने उभारण्याची गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांनी एकत्र येऊन एक सामायिक आणि पूर्ण बंदिस्त चाचणी नेटवर्क उभारावे. आपापले व्हर्च्युअल मशीनचे (एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकांचे) सर्व्हर त्याला जोडावेत आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी एकही वाट त्यात ठेवू नये. तंत्रज्ञान जुने आहे, लागणारी यंत्रे महाग नाहीत. उणीव आहे ती हे काम कोणाचे, हे ठरलेले नसण्याची.

आधी नेटवर्कच का हवे, हे पाहू. एक सुटा चाचणी सर्व्हर ठेवून भागणार नाही का? बँकेचे संगणकीकरण म्हणजे एक प्रोग्रॅम नसतो. मध्यभागी कोअर बँकिंग, त्याला जोडलेला एटीएमचा स्विच, एसएमएस पाठवणारी सेवा, आरटीजीएस-एनईएफटीची फाइल उचलणारे सॉफ्टवेअर, मोबाइल अॅप, शाखेतले पासबुक प्रिंटर, संध्याकाळी पिग्मी एजंटच्या हातातल्या यंत्रातून येणारी वसुली, रात्रीचे डे-एंड आणि सकाळचे डे-बिगिन. यांतला प्रत्येक तुकडा वेगळ्या विक्रेत्याचा आणि वेगळ्या वयाचा असू शकतो. एकेकटा तपासला तर प्रत्येक तुकडा उत्तम चालतो. बिघाड होतो तो एक तुकडा दुसऱ्याशी बोलू लागतो तेव्हा. तिकडून येणारे उत्तर दोन सेकंद उशिरा आले, फाइलमध्ये एक रकाना वाढला, एका बाजूची तारीख बदलली आणि दुसऱ्या बाजूची नाही, असे काहीतरी घडते. जिथे चाचणीची वेगळी सोय नाही, तिथे हे सारे शनिवारी रात्री डे-एंड उरकल्यावर थेट खऱ्या यंत्रणेवर ‘लाइव्ह’ करून कळते. सोमवारी काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या’ ही पाटी लागते, तेव्हा खातेदार नकळत चाचणीत सामील झालेला असतो.

ही फक्त लहानांची रड नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती फाइल 21 रकान्यांची अपेक्षा करत होती आणि ग्राहकाच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम 20 च पुरवत होता. कंपनीने 78 मिनिटांत फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर येऊन थांबली होती. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते याच दिवशी. ही फाइल पाठवण्याआधी एका तपासणी प्रोग्रॅमने तिला हिरवा कंदील दाखवला होता. पण त्या तपासणी प्रोग्रॅममध्येच चूक होती आणि फाइल खऱ्या विंडोज यंत्रांवर चालवून पाहिली गेली नव्हती. डझनभर व्हर्च्युअल विंडोज मशीनच्या एखाद्या बंद नेटवर्कवर ती सोडली असती, तर पहिल्या मिनिटाला सगळीच्या सगळी कोसळलेली दिसली असती. रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले की आपल्याकडच्या केवळ 10 बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. याला काही जण आपली सिद्धता म्हणतात. मला तो बराचसा योगायोग वाटतो: ते विशिष्ट सॉफ्टवेअर आपल्याकडे फारसे नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये आपल्या सुमारे 52 लाख ग्राहकांची खाती एका नव्या यंत्रणेवर नेली. पैसा मुबलक होता, तज्ज्ञ होते, चाचण्याही झाल्या होत्या. तरीही पहिल्याच दिवसापासून खाती उघडेनात, कोणाला दुसऱ्याची माहिती दिसू लागली आणि एका टप्प्यावर 19 लाख ग्राहकांना ऑनलाइन खात्यात शिरताच येईना. सगळे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला आणि 2022 मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला. बँकेनेच नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या चौकशी अहवालात एक तपशील आहे. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी त्यांतल्या एकावरच झाली. दोन ठिकाणे मिळून कशी वागतात, हे कोणी पाहिलेच नव्हते. चाचणी झाली की नाही, एवढ्या प्रश्नाने काही कळत नाही. खरी यंत्रणा जितक्या सर्व्हरवर आणि जितक्या ठिकाणी पसरली आहे, तितकीच पसरलेली प्रतिकृती चाचणीला होती का, हे विचारावे लागते.

महाराष्ट्राला तर याचे उदाहरण शोधायला लंडनला जायची गरज नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत 94 कोटी 42 लाख रुपये गेले. बनावट कार्डे वापरून 28 देशांतल्या एटीएममधून रक्कम काढली गेली आणि त्यानंतर स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश जाळ्यामार्गे जवळपास 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. कोअर बँकिंगमधली खाती कोणी फोडली नव्हती. चोरांनी एटीएमच्या स्विचसारखाच एक तोतया स्विच मध्ये उभा केला. एटीएमकडून येणारी ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोहोचण्याआधीच हा तोतया ‘दे’ म्हणून मोकळा होत होता. इथेही दुखणे दोन यंत्रांच्या मधल्या तारेत होते. खऱ्या स्विचवर असा प्रयोग करून बघण्याची कुठल्याही बँकेची छाती होणार नाही आणि होऊही नये. पण प्रतिकृतीवर हाच डाव मांडता येतो: एक व्हर्च्युअल मशीन कोअर बँकिंगचे, एक स्विचचे, एक एटीएमचे सोंग घेणारे आणि एक चोराचे. मग पाहायचे की कोअर बँकिंगच्या नोंदी आणि एटीएमने दिलेल्या नोटा यांतला फरक किती वेळाने आणि कोणाच्या पडद्यावर उमटतो. तो सकाळच्या ताळमेळातच उमटणार असेल, तर हे सुटीच्या शनिवारी रात्री समजण्यापेक्षा सरावात समजलेले बरे.

आता हे नेटवर्क प्रत्यक्षात कसे जोडतात ते थोडे जवळून पाहू, कारण ‘बंदिस्त’ हे विशेषण कागदावर फार सहज लिहिले जाते. एका दणकट सर्व्हरवर दहा-पंधरा व्हर्च्युअल मशीन सहज राहतात. या यजमान सर्व्हरला होस्ट म्हणतात. होस्टच्या आत एक सॉफ्टवेअरचा स्विच (एटीएमचा नव्हे, नेटवर्कचा) असतो आणि त्याला बाहेरची केबल जोडलीच नाही, तर आतली मशीन फक्त एकमेकांशी बोलतात. केव्हीएम असो, व्हीएमवेअर असो वा हायपर-व्ही, ही सोय सगळ्यांत आहे आणि एका होस्टपुरते काम तिथे संपते. पंचाईत दुसरा होस्ट आला की होते, कारण पहिल्याच्या पोटातला स्विच दुसऱ्याला दिसत नाही. सर्वांत साधा आणि मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय असा: प्रत्येक होस्टमध्ये एक जादा नेटवर्क कार्ड बसवायचे, त्याची केबल एका वेगळ्या स्विचला न्यायची आणि त्या स्विचमधून दुसरीकडे कुठेही तार जाऊ द्यायची नाही. डोळ्यांनी तपासता येते अशी ही सुरक्षा आहे. खोली एकच नसेल तर व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेत क्रमांकाने वेगळ्या ठेवलेल्या वाटा. असे 4,094 क्रमांक वापरता येतात. आणि होस्ट वेगवेगळ्या गावांत असतील, एक सांगलीला आणि एक नाशिकला, तर 2014 मध्ये नोंदवली गेलेली व्हीएक्सलॅन ही पद्धत हाताशी आहे. ती चाचणी नेटवर्कचे पाकीट नेहमीच्या पाकिटात गुंडाळून पलीकडे पोहोचवते. तिच्यात स्वतःचे कुलूप नसते, म्हणून ती एनक्रिप्टेड व्हीपीएनमधूनच न्यावी लागते. शिवाय गुंडाळीचे सुमारे 50 बाइट जादा लागतात. ते हिशेबात धरले नाहीत तर पिंग झकास जाते आणि मोठा रिपोर्ट अर्ध्यावर अडकतो. नेटवर्क सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा, या एका गोष्टीने किती रात्री खाल्ल्या आहेत.

जोडणे झाले, खरी परीक्षा तोडण्याची. गळती नेहमी बारीक जागेतून होते. होस्टने स्वतःसाठी चाचणी नेटवर्कवर एक आयपी पत्ता घेतला आणि पाकिटे पुढे पाठवण्याची मुभा चालू राहिली की होस्टच पूल बनतो. अपडेट उतरवायला सोयीचे म्हणून एखाद्या मशीनला दोन कार्डे दिली, एक आत आणि एक कार्यालयाच्या नेटवर्कवर, तरी तेच. चाचणीतला पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर चुकून बाहेर दिसला तर कार्यालयातल्या संगणकांना भलतेच पत्ते मिळू लागतात आणि मग काउंटरवर कोणालाच काही कळेनासे होते. सर्वांत लाजिरवाणी गळती वेगळीच असते: खऱ्या यंत्रणेची प्रत चाचणीत चालू करावी, तिच्यात खऱ्या एसएमएस सेवेचा पत्ता तसाच असावा आणि हजारो खातेदारांना न झालेल्या व्यवहारांचे संदेश जावेत. यासाठी चाचणीपुरतेच राखून ठेवलेले पत्ते इंटरनेटच्या नियमावलीत फार पूर्वीपासून आहेत: 198.18 ने सुरू होणारा एक मोठा पट्टा आणि ‘टेस्ट’ हे 1999 पासून राखलेले डोमेन. असे पत्ते वापरले तर एखादे पाकीट निसटले तरी ते खऱ्या कोणाच्या दारात जाऊन उभे राहत नाही. फुकट मिळणारी ही शिस्त न पाळणे केवळ आळस आहे.

अर्धवट बंदिस्त चाचणी यंत्रणा ही मुळीच नसलेल्या यंत्रणेपेक्षा वाईट असते, हे मान्य केलेच पाहिजे. जानेवारी 2024 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की रशियाशी संबंधित एका गटाने कंपनीतल्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले. शिरकाव झाला तो एका जुन्या चाचणी खात्यातून. त्यावर दुसऱ्या पायरीची पडताळणी नव्हती आणि त्याच्या परवानग्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचत होत्या. सी-एजच्या घटनेतला जेन्किन्स सर्व्हर आणि हे खाते एकाच जातकुळीचे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची यंत्रणा सायबर हल्ल्याने कोलमडली, तेव्हा सरकारने संसदेत कारण दिले तेही नेटवर्कची विभागणी नीट नसल्याचे. म्हणून ‘आमच्याकडे टेस्ट सर्व्हर आहे’ हे उत्तर ऐकून संचालक मंडळाने समाधान मानू नये. तो कोणत्या स्विचला जोडला आहे, हे विचारावे. कार्यालयाच्याच स्विचला जोडला असेल, तर तो चाचणीचा सर्व्हर नाही, मागचे दार आहे.

यावर पहिला आक्षेप बँकांकडूनच येईल: चाचणी हे विक्रेत्याचे काम, त्यासाठीच त्याला वार्षिक देखभालीचे पैसे देतो. विक्रेता चाचणी करतोच, यात वाद नाही. पण तो स्वतःचा प्रोग्रॅम स्वतःच्या कार्यालयात तपासतो. तुमचा दहा वर्षांपूर्वीचा एटीएम स्विच, तुमच्या पिग्मी यंत्राचा विक्रेता आणि तुमच्या शाखेतली मंद लाइन त्याच्याकडे नसते. बिघाड झाला की तीन विक्रेते एका फोनवर घेतले जातात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सामायिक चाचणी नेटवर्कवर तिघांनाही आपापली व्हर्च्युअल मशीन आणून ठेवायला लावता येते, आणि तिथे वाद नोंदींवर होतो. शिवाय एकट्या बँकेच्या आग्रहाला विक्रेता भीक घालत नाही. पन्नास बँका मिळून ‘आमच्या चाचणीतून गेल्याशिवाय पॅच घेणार नाही’ म्हणाल्या, तर त्याला ऐकावे लागेल. पन्नास पतसंस्थांनी मिळून छापखान्याकडून स्वस्तात पासबुके घ्यावीत, तसाच हा साधा व्यवहार.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. एकत्र आलो तर एकाचा आजार सर्वांना होणार नाही का? होऊ शकतो, आणि व्हर्च्युअल मशीनची भिंत अभेद्य आहे असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. 2015 मध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी सापडली. व्हर्च्युअल मशीनला फ्लॉपी ड्राइव्हचा आभास देणाऱ्या कोडमधून, जी फ्लॉपी वापरून कोणालाही जमाना झाला होता तिच्यातून, मशीनच्या आतला हल्लेखोर होस्टपर्यंत पोहोचू शकत होता. म्हणून दोन अटी सोडता येणार नाहीत. चाचणीचे होस्ट हे खऱ्या कामाचे होस्ट नसावेत. तोच सर्व्हर दिवसा बँकेला आणि रात्री चाचणीला, ही काटकसर नको. आणि खातेदारांची खरी माहिती आत येता कामा नये, नावे, खाते क्रमांक, मोबाइल सगळे बनावट हवे. तसेही रिझर्व्ह बँकेच्या नागरी सहकारी बँकांसाठीच्या सायबर चौकटीत चाचणीची आणि प्रत्यक्ष कामाची यंत्रणा वेगळी ठेवणे, चाचणीतली माहिती झाकलेली असणे अपेक्षितच आहे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर निष्काळजीपणाला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या दोन अटी पाळल्या तर चाचणी नेटवर्कमधून चोरीला जाण्यासारखे उरते काय? बँकांच्या रचनेची माहिती, ती मात्र उरते, आणि म्हणून प्रत्येक बँकेची वाट स्वतंत्र व्हीलॅनवर हवी. ठरवून केलेल्या सरावापुरत्याच त्या वाटा एकमेकींना भेटाव्यात.

क्लाउडवर भाड्याने घ्या, असेही सुचवले जाईल. काही भाग खुशाल घ्यावा. पण पासबुक प्रिंटर, पिनची गुपिते राखणारे हार्डवेअर आणि एटीएमचे खोके क्लाउडवर चढत नाहीत, आणि बिघाडांचा मोठा वाटा अशाच ठोकळ्यांच्या तारांत असतो.

खर्चाचे काय? होस्टसाठी दोन-तीन वर्षे जुने सर्व्हर चालतात, केव्हीएमसारखे सॉफ्टवेअर मुक्त आहे, स्विचची किंमत एखाद्या शाखेच्या वर्धापनदिनाच्या खर्चात बसेल. महाग आहेत ती माणसे. प्रतिकृती आज उभी केली आणि सहा महिने कोणी पाहिली नाही, तर ती खऱ्या यंत्रणेपासून इतकी दूर जाते की तिच्यावर काढलेला निष्कर्ष दिशाभूल करतो. तिला सतत ताजी ठेवणारी चार-सहा जाणकार माणसे लागतात आणि ती कुठल्याही एका मध्यम सहकारी बँकेला परवडणार नाहीत. इथेच सहकाराचा जुना धडा कामाला येतो. साखर कारखान्यांनी ऊस आणि साखरेचे संशोधन आपापल्या आवारात केले नाही. 1975 मध्ये सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी मिळून संस्था काढली, जी आज मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. कारखान्यांत आपसांत कितीही राजकारण असो, बेणे आणि माती परीक्षणासाठी सगळे तिथे जातात. नागरी सहकारी बँकांनाही आता राष्ट्रीय पातळीवर एनयूसीएफडीसी ही छत्रसंस्था मार्च 2024 पासून आहे आणि तंत्रज्ञान पुरवणे हे तिच्या कामांत येते. ती सामायिक सॉफ्टवेअर देईल तेव्हा देईल. देशातल्या सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत; इथल्या फेडरेशनांनी आणि जिल्हा बँकांनी चाचणी नेटवर्कसाठी तिची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. बँकेच्या आकाराप्रमाणे वर्गणी, आणि छोट्यांना मोठ्यांइतकाच वापराचा हक्क, एवढे सूत्र पुरे आहे.

सामायिक चाचणी ही कल्पना स्वप्नाळू वाटत असेल, तर दलाल स्ट्रीटकडे पाहावे. सेबीने 2013 मध्ये नियम केला की शेअर बाजारांनी दलाल पेढ्यांना चाचणीसाठी स्वतंत्र वातावरण पुरवावे आणि महिन्यातून किमान एकदा मॉक सत्र घ्यावे. शनिवारी होणाऱ्या या सत्रांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी दलाल एकाच लुटूपुटूच्या बाजारात सौदे करतात. जगात तर हे आणखी जुने आहे: अमेरिकेत 2004 च्या सुमारास सरकारी निधीतून ‘डीटर’ नावाचे चाचणी जाळे उभे राहिले. लॉस एंजेलिसजवळची एक संशोधन संस्था आणि बर्कली विद्यापीठ या दोन ठिकाणची यंत्रे एका बंदिस्त जाळ्यात जोडून त्यावर संगणकी किडे सोडून पाहिले जात. दोन शहरांतले होस्ट, एक बंद नेटवर्क आणि वापरणारे अनेक; वीस वर्षांपूर्वी जमले ते आज अवघड नाही.

कोणी म्हणेल, मॉक सत्रे असूनही 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजार चार तास बंद पडलाच ना? पडला. सकाळी 11:40 ला थांबलेला व्यवहार दुपारी 3:45 ला सुरू झाला, पर्यायी केंद्रावर काम वेळेत हलवलेच गेले नाही. हा आक्षेप मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यातून चाचणीची मर्यादा नेमकी दिसते: आपल्याला सुचलेल्या संकटाचाच सराव आपण करतो. पण त्यावर बाजाराने काय केले तेही पाहायला हवे. 2 मार्च आणि 18 मे 2024 या दोन शनिवारी खास सत्रे घेऊन, एकाच दिवसात मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर व्यवहार हलवून दाखवले गेले. चुकलेली गोष्ट पुढच्या सरावात आली. सहकारी बँकांकडे अशी नोंदवहीच नाही. एका बँकेत काय चुकले ते शेजारच्या बँकेला वर्तमानपत्रातून कळते, तेही रक्कम मोठी असेल तर.

बंदिस्त जाळ्याची आणखी एक मर्यादा 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दाखवली. ते सॉफ्टवेअर आधी एका अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर हाक मारायचे आणि उत्तर आले तर गप्प बसायचे. चाचणीच्या बंद खोल्यांत कुठल्याही हाकेला खोटे उत्तर देण्याची रीत असते, म्हणून आपण अशा खोलीत आहोत का हे ओळखण्याची ही युक्ती असावी, असे अनेक तज्ज्ञांना वाटते. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाने तो पत्ता सुमारे दहा डॉलरांत नोंदवला आणि साथ ओसरली. हल्लेखोर आपल्या प्रयोगशाळेला ओळखून वागतात, एवढे त्यावरून लक्षात ठेवावे. म्हणून तिथे हल्ल्यांचे सराव हवेतच, पण रोजची भाकरी पॅच आणि जोडण्या तपासण्याचीच असेल. पहिले वर्ष तर एकाच कामाला द्यावे: बॅकअप परत उभा करून पाहणे. बहुतेक बँका रोज बॅकअप घेतात, त्याच्या नोंदीवर सही होते, टेप किंवा डिस्क तिजोरीत जाते. पण त्या डिस्कवरून कोअर बँकिंग, स्विच आणि शाखा अशा क्रमाने संपूर्ण बँक रिकाम्या होस्टवर उभी राहते का आणि किती तासांत, हे करून पाहायला बंद जागा लागते. खऱ्या नेटवर्कवर एकाच नावाच्या दोन बँका चालू करता येत नाहीत. या एका कामात बॅकअपमधली खरी माहिती आत येणार, म्हणून ते सामायिक जाळ्याच्या बाहेर, त्या बँकेच्याच बंद होस्टवर व्हावे आणि काम संपताच डिस्क पुसली जावी. रिझर्व्ह बँकेच्या तपासणी अधिकाऱ्यांनी बॅकअपच्या नोंदवहीऐवजी हा तासांचा आकडा आणि त्याची तारीख मागायला सुरुवात केली, तर चाचणी नेटवर्कची वर्गणी संचालक मंडळाच्या पुढच्याच बैठकीत मंजूर होईल.